पगारावरील टीडीएस : नव्याने पगारपत्रक सांभाळणाऱ्यांसाठी

सुरुवातीला सर्व कलमे पाठ करण्याची गरज नाही; टीडीएसचा, म्हणजे पगारातूनच कापून सरकारकडे भरायच्या प्राप्तिकराचा, हिशेब वर्षाचा असतो, एवढे आधी पक्के करा. कर्मचाऱ्याच्या संपूर्ण आर्थिक वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर कर काढून तो उरलेल्या महिन्यांत विभागला जातो, म्हणून वर्षाच्या मध्यात बोनस किंवा पगारवाढ मिळाली की कपातही नव्याने मोजावी लागते.

सर्वाधिक चुका नोकरी बदलताना होतात. समजा, २०२५-२६ मध्ये एखाद्याला पहिल्या सहा महिन्यांत एका ठिकाणी आणि पुढील सहा महिन्यांत दुसऱ्या ठिकाणी प्रत्येकी ८ लाख रुपये पगार मिळाला आणि त्याने आधीच्या पगाराची माहिती दिलीच नाही, तर नव्या करप्रणालीत दुसरा नियोक्ता फक्त आपल्याकडचे ८ लाख धरेल, त्यावर कर शून्य येईल आणि तो काहीच कापणार नाही. प्रत्यक्षात १६ लाखांवर, ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) धरूनही, उपकरासह १,१३,१०० रुपये कर होतो. पहिल्या ठिकाणी कापलेली रक्कम वजा जाता उरलेला भार, बहुधा व्याजासह, त्या कर्मचाऱ्यावरच येतो. म्हणून रुजू होतानाच ही माहिती आवर्जून मागा.

नियोक्त्याच्या बाजूने तीन गोष्टी चुकवू नका :
- कापलेला कर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरा. मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. उशीर झाल्यास दरमहा दीड टक्का व्याज लागते.
- प्रत्येकाचा पॅन तपासा.
- तिमाही विवरणपत्र वेळेत द्या, कारण त्याशिवाय कर्मचाऱ्याच्या प्राप्तिकर खात्यात कापलेला कर जमा दिसत नाही.

अनुलाभांचे (पगाराव्यतिरिक्त मिळणाऱ्या घर, गाडी अशा सुविधांचे) मूल्यांकन सध्या बाजूला ठेवा. वरील गोष्टी अंगवळणी पडल्या की ते समजणे अवघड नाही.