सगळेच जागे, तरी चुका वाढत्या

प्रश्न : एका सहकारी बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम आमची ९ जणांची टीम बघते. नवीन आवृत्ती सुरू केल्यापासून व्यवहार मध्येच अडकतात. तीन आठवडे सगळे चौदा-चौदा तास बसतोय, सुट्ट्या बंद. तरी चुका वाढताहेत, एक जण राजीनाम्याचं बोलू लागलाय. वरिष्ठ आणखी ४ माणसं देताहेत. घेऊ का?
— टीम लीड, हिंजवडी

उत्तर : आधी आज रात्री निम्म्या टीमला घरी पाठवा. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, असं १९९७ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. आपल्याकडे वाहन चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठलेला माणूस रात्री बाराला त्या अवस्थेत पोचतो, आणि तोच तुमच्या प्रोडक्शनला, म्हणजे बँकेच्या चालू यंत्रणेला, हात लावतो. रात्रीचे बदल उघडून पाहा : एकाच फाइलमध्ये ‘फिक्स’, ‘फिक्स २’, ‘फायनल फिक्स’ अशा नोंदी दिसल्या, तर तो थकवाच आहे.

९ जणांत तीन पाळ्या बसतात. ७ ते ३:३०, ३ ते ११:३०, ११ ते ७:३०, प्रत्येकीत दोघे. आठवड्याच्या ४२ पाळ्या होतात. प्रत्येकी ५ धरल्या तर ४५ भरतात, म्हणजे आजारपणाला ३ शिल्लक. रात्रपाळी सलग तीनपेक्षा जास्त नको. महिला सहकाऱ्यांना रात्री बोलवायचं तर त्यांची संमती आणि घरापर्यंत गाडी हवीच. पहाटे २ ते ६ प्रोडक्शनवर बदल नको. अगदीच अडलं तर दोघांनी तपासून, बदल मागे घेण्याची आज्ञा आधी लिहून ठेवून.

अर्ध्या तासाच्या सामाईक वेळेत काम लेखी सोपवायचं : काय उघडं आहे, किती वाजता काय बदललं, काय करून पाहिलं आणि फसलं, पुढचा निर्णय कोणाचा. यातला ‘फसलं’चा रकाना कोणी भरत नाही, म्हणून पुढची पाळी तेच पुन्हा करून बघते. दिवसभर उघडा राहणारा कॉल बंद करा. बँकेला सकाळी ११ आणि संध्याकाळी ६ ला एकाच व्यक्तीने, म्हणजे तुम्ही, माहिती द्यायची.

चौघे घ्या, पण मूळ दुरुस्तीवर नाही. त्यांना शिकवण्यात तुमचेच जाणकार अडकतील आणि काम आणखी लांबेल. लॉग (यंत्रणेच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) चाळणं, तक्रारी वेगळ्या करणं, चाचण्या चालवणं हे त्यांना द्या. फक्त एकाला, ‘त्यालाच विचारा’ असं सगळे ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याच्या शेजारी बसवा. बहुधा राजीनाम्याचं बोलणाराही तोच असेल.

बदली रजा ‘नंतर घ्या’ म्हणून टांगू नका. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीची भरपाई दोन महिन्यांच्या आत द्यायची असते. तारखा तुम्हीच आत्ता टाका. राजीनाम्याचं बोलणाऱ्याला पहिले दोन दिवस द्या, फोन बंद ठेवून. त्यानंतरही झोप येत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, हे त्याला सांगा.