वाचकांचे प्रश्न : बिनआवाजाचे फटाके निर्धोक असतात का?

प्रश्न : आमच्या सोसायटीने यंदा मोठ्या आवाजाचे फटाके बंद करून मुलांसाठी केवळ फुलबाज्या, नागगोळ्या आणि भुईनळे आणायचे ठरवले आहे. माझ्या सात वर्षांच्या नातीला दमा आहे. हे फटाके तिला चालतील का? (एक आजी, पुणे)

उत्तर : आवाज कमी करण्याचा निर्णय स्वागतार्हच आहे, तान्ही बाळे, आजारी माणसे आणि मुकी जनावरे यांना त्याने निश्चित दिलासा मिळेल. परंतु आवाज नाही म्हणजे अपाय नाही, हा समज मात्र आपण कृपया सोडावा. पुण्यातीलच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 साली मुलांच्या आवडीच्या सहा फटाक्यांच्या धुराची मोजणी केली होती. तीत सर्वांत जास्त सूक्ष्म कण निघाले ते नागगोळीतून, म्हणजे फटाक्यांच्या माळेपेक्षाही अधिक. आपण जो प्रकार सर्वांत निरुपद्रवी समजून चिमुकल्यांच्या हाती देतो, तोच फुप्फुसांच्या दृष्टीने सर्वांत वाईट ठरला. शिवाय नागगोळी जमिनीवर जळते आणि मूल तिच्यावर वाकून पाहते, त्यामुळे दाट धूर थेट त्याच्या श्वासात जातो. अडीच मायक्रॉनहून लहान असलेले हे कण नाकातील केसांना न जुमानता फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात आणि आकसू पाहणाऱ्या श्वासनलिका अधिकच चिडवतात. दिवाळीच्या सुमारास रात्री जमिनीलगतची हवा लवकर गार होऊन तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो, त्यामुळे इमारतींमधल्या चौकातला धूर वर न जाता तासन्‌तास तिथेच कोंडून राहतो.

तेव्हा नागगोळ्या तर यादीतून काढूनच टाकाव्यात. आतषबाजी चालू असताना आणि त्यानंतरही धूर विरेपर्यंत नातीला खिडक्या लावलेल्या खोलीत ठेवावे, तिचा इन्हेलर हाताशी असावा, आणि सणापूर्वीच तिच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नाकाला रुमाल बांधल्याने हे कण अडत नाहीत.

प्रश्न : ‘हरित फटाके’ घेतले तर प्रदूषण होत नाही, असे दुकानदार सांगतात. हे खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेच्या पुढाकाराने विकसित झालेल्या या फटाक्यांतून नेहमीच्या फटाक्यांच्या तुलनेत कणांचे उत्सर्जन सुमारे 30 टक्के कमी व्हावे, अशी अपेक्षा आहे. म्हणजे उरलेला बराचसा धूर होतच राहतो. पूर्वीच्या दुप्पट फटाके उडवले, तर तो फायदाही उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हिरव्या रंगासाठी वापरल्या जाणाऱ्या बेरियमच्या क्षारांवर आणि फटाक्यांच्या माळांवर बंदी घातली, तसेच दिवाळीत आतषबाजीसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवून दिली. खरेदी करताना वेष्टनावर हरित फटाक्याचे चिन्ह आणि क्यूआर कोड आहे का, हे जरूर पाहावे.

प्रश्न : फुलबाजीने भाजल्यास घरी काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : भाजलेल्या भागावर लगेच नळाचे साधे वाहते पाणी सुमारे वीस मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप किंवा बर्फ यांपैकी काहीही लावू नये. त्याने जखम चिघळते आणि डॉक्टरांना ती नीट दिसतही नाही. विझलेल्या फुलबाजीची तार बराच वेळ तापलेली असते आणि अनवाणी पायांना तिचे चटके बसतात, म्हणून ती लगेच पाण्याच्या बादलीत टाकावी. डोळ्याला इजा झाली असेल, तर डोळा चोळू नये, रुतलेले काही काढू नये, वरून स्वच्छ आच्छादन ठेवून ताबडतोब नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

याच संदर्भात पालकांना कळकळीने सांगावेसे वाटते की, प्लॅस्टिकच्या नळीची ‘कार्बाइड गन’ घरात येऊ देऊ नये. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिच्यामुळे कित्येक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडताच ज्वलनशील ॲसिटिलीन वायू तयार होतो. बार उडाला नाही म्हणून मूल नळीत डोकावते आणि नेमका त्याच क्षणी स्फोट होतो. न उडालेला कोणताही फटाका पुन्हा पेटवायला किंवा पाहायला जाऊ नये. लांबूनच त्यावर भरपूर पाणी ओतावे.