खालचा जबडा पुढे असताना नुसत्या तारा पुरतील का?

प्रश्न : माझे वय २६ वर्षे असून माझे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात आणि हनुवटीही पुढे दिसते. मक्याचे कणीस पुढच्या दातांनी खाता येत नाही. एका दंतवैद्यांनी ‘दीड वर्ष तारा लावू, काम होईल’ असे सांगितले, तर दुसऱ्यांनी तारांबरोबर जबड्याची शस्त्रक्रियाही सुचवली. पुढच्या वर्षी माझे लग्न करायचे घरात चालले आहे, त्यामुळे सर्वांना पहिला मार्ग बरा वाटतो. मी काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही मार्ग शास्त्राला मान्य आहेत; परंतु त्यांत दात एकमेकांच्या उलट दिशांना सरकवले जातात, म्हणून कोणता मार्ग घ्यायचा याचा निर्णय पहिली तार बसण्याआधी व्हायला हवा.

खालचा जबडा जास्त वाढलेला असो, वरचा मागे राहिलेला असो किंवा दोन्ही असो, वाढीच्या वयात दात ही तफावत आपणहून झाकू पाहतात. खालचे पुढचे दात जिभेकडे झुकतात, वरचे ओठांकडे कलतात. त्यामुळे आरशात दातांमधले अंतर जेमतेम ३ मिलिमीटर दिसत असले, तरी हाडांमधली तफावत त्याहून पुष्कळ मोठी असू शकते. चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, पाहिल्यावरच ती कळते.

नुसत्या तारांच्या उपचारात हाच कल आणखी वाढवून, प्रसंगी खालच्या उपदाढा काढून, पुढचे दात जुळवले जातात. दोष सौम्य असेल आणि चेहऱ्याबद्दल तक्रार नसेल, तर हा उपचार योग्यच आहे. मात्र हनुवटी जिथल्या तिथे राहते आणि मर्यादेबाहेर कललेल्या दातांवरची हिरडी खाली उतरण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रिया करायची असेल, तर आधी १२ ते १८ महिने तारांनी प्रत्येक जबड्याचे दात त्याच्या स्वतःच्या हाडावर सरळ उभे करतात. या काळात झाकलेला दोष उघडा पडतो आणि खालचे दात पूर्वीपेक्षाही पुढे दिसू लागतात. याची कल्पना नसल्याने अनेक रुग्ण धास्तावतात, काही जण उपचार अर्धवट सोडतात. म्हणूनच हे मी मुद्दाम सांगत आहे. त्यानंतर संपूर्ण भूल देऊन, तोंडाच्या आतूनच छेद घेऊन, गरजेनुसार वरचा जबडा पुढे आणि खालचा मागे घेतात व टायटॅनियमच्या पट्ट्यांनी हाडे जोडतात. खालच्या जबड्याचे हाड दोन्ही बाजूंना उभे चिरून मागे सरकवण्याची आज रूढ असलेली पद्धत झुरिकचे शल्यचिकित्सक ह्यूगो ओबवेगेझर यांनी १९५० च्या दशकात विकसित केली. पुढे काही आठवडे पेज, सूप, मऊ भात यांवर राहावे लागते आणि आणखी काही महिने तारा ठेवून चाव नीट बसवला जातो.

खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना गेल्यासारखी वाटणे हा या शस्त्रक्रियेचा सर्वांत नेहमीचा त्रास आहे. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत बऱ्याच अंशी परत येते, पण काहींना थोडी बधिरता कायमची राहते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी याबद्दल शल्यचिकित्सकांना स्पष्ट विचारावे.

आपल्या वयात जबड्याची वाढ थांबलेली असते, ही जमेची बाजू आहे. हनुवटीही आपल्याला खटकते असे पत्रावरून दिसते, त्यामुळे दुसरे मत मला अधिक विचारात घेण्याजोगे वाटते. पण सेफॅलोग्राम न पाहता तसा निर्णय देणे योग्य होणार नाही. ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारांचे उपचार करणारे दंततज्ज्ञ, आणि जबड्याचे शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसून आपल्याला तपासावे. मुंबई व नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे दोन्ही विभाग एकाच ठिकाणी आहेत. विमा कंपन्या अशी शस्त्रक्रिया सौंदर्योपचार ठरवून अनेकदा खर्च नाकारतात, तेव्हा त्याबाबत आधीच लेखी विचारणा करावी. लग्नाविषयी म्हणाल, तर संपूर्ण उपचाराला साधारण दोन वर्षे लागतात आणि तारा असताना लग्न करायला वैद्यकीय हरकत काहीच नाही. फक्त शस्त्रक्रिया आणि लग्नाची तारीख यांत काही महिन्यांचे अंतर राहील, असे दोन्ही घरच्यांनी मिळून पाहावे.