पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात एआयचा पेपर आणावा का? आधी क्युमेक आणि क्युसेक शिकवा

तुमचा प्रश्न असा: जळगाव, धुळे, नंदुरबारला पत्रकारिता शिकणाऱ्या पोरांना नोकरी लागावी म्हणून एआयचा स्वतंत्र पेपर आणावा का?

नको. "पत्रकाराला भाषा आली की झालं, आकडेमोड कशाला?" असं अभ्यासक्रमाच्या बैठकांत छातीठोकपणे सांगणाऱ्यांनीही पुढचं वाचावं.

पावसाळ्यातलं, तापीवरच्या हतनूर धरणाचं नेहमीचं प्रसिद्धिपत्रक घ्या. समजा त्यात आहे: 'हतनूरच्या ४१पैकी २० दरवाजांतून १,२०० क्युमेक विसर्ग.' विद्यार्थी बिनदिक्कत 'क्युसेक' लिहितो, कारण कानाला तोच शब्द सवयीचा. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर पाणी, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक क्युमेक म्हणजे साधारण ३५.३ क्युसेक. नदीत ४२ हजार क्युसेकच्या वर पाणी सुटलंय आणि बातमीत बाराशे! ऱ्हस्व-दीर्घ सगळं निर्दोष, आणि काठावरचा माणूस बेसावध. तीच गत 'उपयुक्त साठा' (वापरता येणारं पाणी) आणि 'एकूण साठा' (तळाच्या मृत साठ्यासह सगळं पाणी) यांची. एकाची टक्केवारी दुसऱ्याला चिकटवली की धरण कागदावरच भरतं.

याच पत्रकावर दीड तासाचा सराव बसवा. आधी एकक तपासायचं, मग रूपांतर. मग पूर नियंत्रण कक्षाला फोन: आकडा किती वाजताचा? दरवाजे वाढणार का? धरणाच्या खाली तापीवरच असलेल्या सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा बॅरेजला काय कळवलंय? त्यानंतर साठ शब्दांची बातमी आणि चाळीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण. पंखा बंद, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब. अमळनेर-शिरपूरच्या लोकांसाठी अहिराणीत: "तापीले पूर येल शे, ढोरे काठवर नेऊ नका." रावेर-यावलकडे लेवा बोली, तिथे ती बोलणारा विद्यार्थी पुढे करा. बोलीत बोलता येणं हे आपल्या पोरांचं भांडवल आहे, आणि वर्गात आपण तेच पुसून टाकतो.

आता एआय. मुद्दाम चुकीचं एकक घातलेलं तेच पत्रक त्याला द्या. तो सुबक बातमी लिहून देईल आणि बहुतेक वेळा चूक तशीच पुढे नेईल. बातमीला दहा गुण, चूक पकडायला वीस. एवढं एआय शिक्षण पुरे. पत्रकं पुन्हा लिहून काढण्याची नोकरी यंत्राकडेच चालली आहे, त्या कामासाठी पोरं घडवू नका.

माहिती अधिकार तर आपण कलमं पाठ करून संपवतो. प्रत्येकाला एक अर्ज करायला लावा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'रस्ता का झाला नाही' असं विचारलं की अर्ज फेटाळला जाऊ शकतो. कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) आणि देयकं यांच्या प्रती मागायच्या. अर्ज सत्राच्या पहिल्याच आठवड्यात टाका. उत्तराची मुदत ३० दिवस, ते आलं नाही की वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. उशीर केलात तर परीक्षा आधी येते, उत्तर नंतर.

कायद्याच्या नोट्सही जुन्याच. १ जुलै २०२४ पासून बदनामी भारतीय दंड संहितेची ४९९-५०० नव्हे, भारतीय न्याय संहितेचं ३५६. खून १०३, फसवणूक ३१८, लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं ७२. मात्र त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांखाली चालतात, म्हणून दोन्ही शिकवावी लागतील.

टायपिंग युनिकोडमध्येच, इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर. जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेतला की रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, आणि ते निस्तरण्यात डेस्कचा वेळ जातो.

नोकरीचं म्हणाल तर तालुका वार्ताहराचं पोट बऱ्याचदा जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. इतिहास काढून टाका असं मी म्हणत नाही, पण ६ जानेवारी १८३२ ही 'दर्पण'ची तारीख घोकून कोणी कामाला ठेवत नाही. आणि हो, वर लिहिलेलं सगळं तपासायला माणूस लागतो. तासिका तत्त्वावरच्या एका प्राध्यापकाकडून तीस पोरांचे अर्ज, आकडे आणि आवाज तपासून घ्यायचे असतील, तर त्या तासांचेही पैसे द्यावे लागतील.