पार्सल अडकलंय पात्यामुळे, पण काळजी मुठीची करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचकाला खिशात मावणारे जुन्या घाटाचे फोल्डिंग चाकू जमवायचा नाद आहे. अशाच हौशी लोकांचा एक ग्रुप दरवर्षी अमेरिकेतल्या एका कारखान्याकडून स्वतःसाठी एक खास चाकू बनवून घेतो, नग मोजकेच, मुठीवर ग्रुपची छोटीशी शील्ड म्हणजे धातूचा बिल्ला. यंदा 'स्टॉकमन' पॅटर्न होता. यांनी तीन मागवले, एक स्वतःला आणि दोन मित्रांना, मित्रांनी आपापले पैसे यांच्याकडे दिलेत. दोन चाकू बोनच्या म्हणजे हाडाच्या मुठीचे, एक स्टॅगचा म्हणजे शिंगाच्या मुठीचा. कस्टम्सने पार्सल अडवलं, 'शस्त्र परवाना सादर करा' असा मेल आला, आणि कुरिअरचा माणूस फोनवर म्हणतो की एकतर 'किचन नाइफ आहेत' असं लिहून द्या नाहीतर माल सोडून द्या, विषय संपेल. यांचा प्रश्न: माझ्यावर केस होणार का, आणि आता नक्की करू काय?

नमस्कार. तुमचा मेल दोनदा वाचला आणि एक गोष्ट लक्षात आली, तुम्ही पात्याबद्दल दोन पानं लिहिलंय आणि मुठीबद्दल एक ओळ. माझ्या मते काळजी उलटी करायला हवी. पण क्रमाने जाऊ.

सगळ्यात आधी तो मेल खरा आहे का ते बघा. 'तुमच्या पार्सलमध्ये शस्त्र सापडलंय' म्हणून फोन करून, व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' वगैरे सांगून पैसे उकळणारे सध्या ढिगाने आहेत, कायद्यात असली अटक अस्तित्वातच नाहीये. कस्टम्सच्या अधिकृत पत्रावर डीआयएन म्हणजे डॉक्युमेंट आयडेंटिफिकेशन नंबर असतो, २०१९ पासून ही पद्धत आहे आणि तो नंबर खात्याच्या वेबसाइटवर टाकून तपासता येतो. फक्त कुरिअरचा मेल असेल तर त्यांच्याकडून कस्टम्सची मूळ क्वेरी लेखी मागून घ्या. फोनवर कोण काय म्हणालं यावर काहीही लिहून द्यायचं नाही.

आता पातं. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ मध्ये 'शस्त्र' म्हणजे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली किंवा तशी करून घेतलेली वस्तू, आणि त्याच व्याख्येत पुढे म्हटलंय की निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू यात येत नाहीत. आर्म्स रूल्स २०१६ च्या पहिल्या परिशिष्टात पाचवी कॅटेगरी आहे, त्यात तलवारी, खंजीर, भाले यांच्या सोबत चाकूही आहेत, पण ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे, आणि तेही घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाचे सोडून. तुमच्या स्टॉकमनचं सगळ्यात मोठं पातं तुम्हीच लिहिल्याप्रमाणे तीन इंचांच्या आत आहे. परदेशातून शस्त्र आणायला कलम १० खाली परवाना लागतो हे खरं, पण आधी ती वस्तू शस्त्र असायला हवी ना.

अधिकारी असंही म्हणू शकतो की व्याख्येत 'धारदार' शब्द आहे आणि तिथे लांबी दिलेली नाहीये, म्हणून नुसत्या मापावर विसंबू नका. इथे तुमचा पॅटर्नच तुमच्या कामी येतो. स्टॉकमन हा गुराख्यांचा चाकू, नावातच ते आहे. त्याला तीन पाती असतात. मोठं टोकदार क्लिप, मग शीपफूट, ज्याची धार एकदम सरळ आणि टोक बोथट वळवलेलं, आणि तिसरं स्पे, तेही जवळजवळ बिनटोकाचं, जे मुळात जनावरांचं खच्चीकरण करायला बनवलं गेलं. तीनपैकी दोन पाती मुद्दाम न टोचणारी केलेला चाकू कोणी हत्यार म्हणून डिझाइन करेल का? शिवाय याला लॉक नाहीये, पाठीमागच्या स्प्रिंगच्या ताणावर पातं उघडं राहतं आणि उघडायला नखाची खाच पकडून दोन्ही हात लागतात. हे सगळं फोटोंसकट द्या, प्रत्येक पातं उघडून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, लांबी टोकापासून मुठीच्या कडेपर्यंत आणि रुंदी जिथे सगळ्यात जास्त आहे तिथे. चाकू त्यांच्या ताब्यात आहे म्हणून फोटो नसतील तर कारखान्याचं मापांसकटचं वर्णनपत्र मागवा, किंवा ग्रुपमधल्या ज्याला मिळालाय त्याच्याकडून फोटो घ्या, हा सगळ्यांचा चाकू सारखाच आहे त्याचा इथे फायदा.

कस्टम्सच्या भाषेत हाच वाद वर्गीकरणाचा होतो. ८२११ या शीर्षकाखाली चाकू येतात आणि त्यात ८२११ ९३ हा कोड पातं पक्कं नसलेल्या, म्हणजे फोल्डिंग चाकूंसाठीच आहे. ९३०७ मध्ये तलवारी, संगिनी, भाले आणि तसली शस्त्रं. परवाना मागितलाय म्हणजे कोणीतरी मनातल्या मनात तुमचं पार्सल ९३०७ कडे ढकललंय. इनव्हॉइसवर कारखान्याने कोड काय टाकलाय ते आधी बघा, बऱ्याचदा तिथेच घोळ असतो.

एक अपवाद सांगून ठेवते. पार्सल दिल्लीत उतरलं असेल तर १९८० ची एक जुनी अधिसूचना मध्ये येऊ शकते, ती बटनवाल्या, स्प्रिंगवाल्या आणि इतर यांत्रिक पद्धतीने उघडमिट होणाऱ्या चाकूंबद्दल आहे, पातं ७.६२ सेंमी किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंमी किंवा जास्त रुंद असेल तर. तुमच्या चाकूला पाठीमागे स्प्रिंग आहे एवढ्यावरून कोणी ती लावायला बघेल, म्हणून वर रुंदी मोजा म्हटलं. स्टॉकमन अरुंद असतो, बहुतेक सुटाल. ट्रॅपर किंवा सोडबस्टर असे मोठ्या पात्याचे पॅटर्न असते तर मी इतक्या सहज म्हटलं नसतं.

आता कुरिअरवाल्याचे दोन सल्ले. 'किचन नाइफ' लिहून द्यायचं नाही म्हणजे नाही. कस्टम्स अ‍ॅक्ट १९६२ मध्ये चुकीचं वर्णन दिलं की कलम १११(एम) खाली माल जप्त होऊ शकतो आणि जाणूनबुजून खोटा कागद दिला तर ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड. आत्ता तुमची बाजू चांगली आहे, ती एका खोट्या ओळीसाठी का घालवायची? दुसरा सल्ला, माल सोडून द्या. कलम २३(२) मध्ये मालावरचा हक्क सोडता येतो हे बरोबर, पण त्याच कलमाच्या परंतुकात लिहिलंय की ज्या मालाबाबत गुन्हा झाल्यासारखं दिसतंय त्यावरचा हक्क असा सोडता येणार नाही. म्हणजे जिथे सोडून पळावंसं वाटतं नेमकं तिथेच पळता येत नाही. आणि तुमच्याकडे अशी एक वस्तू असू शकते.

ती म्हणजे स्टॅगची मूठ. बोनच्या दोन मुठींची चिंता नको, हे बोन म्हणजे साधारणपणे गाईबैलांच्या नडगीचं हाड, रंगवून आणि खाचा पाडून. स्टॅग म्हणजे मात्र हरणाचं शिंग, आणि या चाकूंच्या दुनियेत सगळ्यात नावाजलेलं स्टॅग कुठलं तर आपल्याकडच्या सांबराचं, कारण ते आतून भरीव असतं आणि वरची खडबडीत साल सुंदर दिसते. भारताने १९९० च्या दशकात सांबर आणि चितळाच्या गळून पडलेल्या शिंगांचीही निर्यात बंद केली, त्यानंतर कारखाने लाल हरीण, एल्क वगैरेंकडे वळले, पण जुना साठा अजून निघतो आणि 'जेन्युइन सांबर' म्हणून मिरवत विकला जातो. संग्राहकाला ती कौतुकाची गोष्ट वाटते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या नजरेत सांबर संरक्षित, त्याचं शिंग 'ट्रॉफी'च्या व्याख्येत आणि शिंग बसवलेला चाकू 'प्राण्यापासून बनवलेली वस्तू'. गळून पडलेलं होतं, हरीण मारलेलं नाही, हा बचाव इथे चालत नाही. शिंग परदेशातून परत आलंय म्हणून सुटका होईल असंही मला वाटत नाही. त्यात कलम ५७ आहे, वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ती बेकायदा आहे असं धरून चालतात आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमची. आर्म्स अ‍ॅक्टची केस मी हसत लढवीन, ही नाही.

अजून एक गैरसमज, ग्रुपमध्ये कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की 'साइट्स सर्टिफिकेट मागव'. साइट्स (CITES) म्हणजे वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. सांबर साइट्सच्या यादीत नाहीये, त्यामुळे असं सर्टिफिकेट कारखाना देऊच शकत नाही, आणि ते लागत नाही म्हणजे आपला कायदाही लागत नाही असं होत नाही.

तर आजच कारखान्याला मेल टाका आणि एकच विचारा, या स्टॅगचा प्राणी कुठला, शास्त्रीय नावासकट, लेटरहेडवर लिहून द्या. एल्क किंवा लाल हरीण असं उत्तर आलं तर ते पत्र फाईलला लावा. कस्टम्सवाले कदाचित वाइल्डलाइफ क्राइम कंट्रोल ब्युरोचं मत मागवतील, वेळ जाईल, जाऊ द्या. सांबर असं उत्तर आलं तर तो चाकू सोडवायचा प्रयत्नही करू नका. फक्त तो पार्सलमधून वेगळा काढायला सांगा. मी लेखी उत्तर साधारण असं लिहीन: 'सदर पार्सलमध्ये बिनलॉकचे तीन फोल्डिंग खिशातले चाकू आहेत, मापं सोबत जोडली आहेत, ही वस्तू आर्म्स अ‍ॅक्टच्या व्याख्येत बसत नाही. दोन चाकूंची मूठ गुरांच्या हाडाची आहे, ते शुल्क भरून सोडावेत. तिसऱ्याच्या मुठीबाबत उत्पादकाकडून आजच कळलं की ते सांबराचं शिंग आहे, मागवताना ही माहिती मला नव्हती, त्या एका चाकूच्या जप्तीला माझी हरकत नाही.' हक्क सोडणं वेगळं आणि जप्तीला हरकत न घेणं वेगळं, दुसरं तुम्ही कधीही करू शकता. 'माहिती नव्हती' हे वाक्य मात्र खरं असेल तरच. ग्रुपच्या चॅटमध्ये तुम्ही 'मला सांबरवालाच हवा' असं लिहून बसला असाल तर हे पत्र पाठवण्याआधी मला किंवा कुठल्याही वकिलाला प्रत्यक्ष भेटा. आणि चॅट डिलीट करू नका, त्याने गोष्टी फक्त बिघडतात.

घरात आधीपासून स्टॅगचे चाकू असतील तर त्याबद्दलही मेलवर लिहू नका, समोर बसून बोलू. जुन्या वस्तू जाहीर करायची शेवटची मोठी संधी २००३ च्या नियमांत १८० दिवसांची होती, ती कधीच संपली.

मित्रांच्या पैशांचं. स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या मालाला आयईसी म्हणजे इम्पोर्टर एक्स्पोर्टर कोड लागत नाही, व्यापारासाठी लागतो. तिघांनी मिळून मागवलं, नफा नाही, हा व्यापार नव्हेच, पण तीन एकसारखे चाकू आणि तुमच्या खात्यात दोन यूपीआय आले की समोरच्याला विक्री दिसते. विचारलं तर सरळ सांगा कोणाचा कुठला आणि कोणी किती दिले, ग्रुपच्या ऑर्डरचा फॉर्म जोडा. मित्रांनाही सांगून ठेवा की उशीर होणार आहे. ज्याचा स्टॅगवाला आहे त्याला पैसे कोण परत देणार हे तुमचं आपसातलं ठरवा, कारखान्याकडून ते वसूल होतील असं धरून चालू नका.

याउपर त्यांनी ऐकलंच नाही तर? कस्टम्स अ‍ॅक्टच्या कलम १२४ खाली कारणे दाखवा नोटीस आणि सुनावणी दिल्याशिवाय माल कायमचा जप्त करता येत नाही. रीतसर ताब्यात घेतलाय आणि सहा महिन्यांत नोटीस आली नाही, मुदत अजून सहा महिने वाढवलेलीही नाही, तर माल परत मिळायला हवा. विरोधात ऑर्डर आली तर कमिशनर अपील्सकडे ६० दिवसांत अपील, म्हणून ऑर्डर हातात पडल्याची तारीख त्या पाकिटावरच लिहून ठेवा. मध्ये समन्स येऊन जबाबाला बोलावलं तर नीट विचार करून जा, कलम १०८ खाली दिलेला जबाब पुढे तुमच्याच विरोधात वापरता येतो. आणि हो, स्टोरेजचा मीटर रोज चालू असतो, तेव्हा उत्तर आठवडाभर मनात घोळवत बसू नका.

चाकू सुटून हातात आले की ते खिशात घालून फिरायचं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. घरी, शेतात, ट्रेकला खुशाल. महाराष्ट्रात सण, निवडणुका, मोर्चे असले की पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यात चाकूचं नाव असतं, लांबीची सूट नसते, आणि मोडला तर कलम १३५ खाली चार महिने ते एक वर्ष कैद. तिथे तुमचं स्पे पातं कशासाठी असतं हे कोणी ऐकून घेणार नाही. विमानात केबिन बॅगेत अजिबात नाही. आणि पुढच्या वर्षीच्या ऑर्डरला फॉर्म भरताना बोन किंवा मायकार्टाच्या (हे कृत्रिम मटेरियल) मुठीवर टिक करा, इनव्हॉइसवर 'फोल्डिंग, नॉन लॉकिंग, मूठ अमुक' एवढं स्पष्ट लिहायला सांगा आणि तिघांनी तीन वेगळ्या पत्त्यांवर, आपापल्या नावाने मागवा.