घाटातला लाल पट्टा आणि तुमचे प्रश्न

पर्यावरणाच्या ऱ्हासावर लिहिल्यानंतर बरीच पत्रं आली. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतो. आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलं असल्यानं उत्तरं दगडाच्या बाजूनं येतील, त्याला इलाज नाही.

‘पृथ्वी वाचवा’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पृथ्वी खरंच संपू शकते का? (बारावीची विद्यार्थिनी, नाशिक)

नाही. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षं, आणि तिनं आपल्याहून वाईट दिवस पाहिलेत. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी सैबेरियात लाव्हा उसळला, हवा-पाणी बिघडलं आणि समुद्रातल्या दहापैकी आठहून जास्त प्रजाती नाहीशा झाल्या. जीवसृष्टी त्यातूनही सावरली. मात्र सावरायला तिला काही लाख ते कोटभर वर्षं लागली. पृथ्वीला ती परवडतात. आपली जात येऊन जेमतेम ३ लाख वर्षं झाली आणि शेती सुरू होऊन दहा-बारा हजार. घोषणा खरं तर ‘आम्हाला वाचवा’ अशी हवी. तसं लिहायला संकोच वाटतो, म्हणून पृथ्वीचं नाव पुढे करतात असा माझा कयास आहे.

हवामान नेहमीच बदलत आलं आहे. दख्खनच्या लाव्ह्यानं केवढा वायू सोडला असेल! त्यापुढे माणूस किस झाड की पत्ती? (निवृत्त अभियंता, पुणे)

साहेब, कात्रजच्या घाटात एकदा गाडीतून उतरा. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये हात-दोन हात जाडीचा लाल पट्टा दिसेल. बांधकामवाले त्याला गेरू म्हणतात. नखानं खरवडला तर भुसभुशीत निघतो, बोटं लाल होतात. तो विसाव्याचा काळ आहे. लाव्हा थंड झाला, ऊन-पावसानं झिजला, त्याची माती झाली. मग पुढचा लाव्हा त्या मातीवरून वाहत गेला. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच दोन थरांमधल्या गाळात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले आहेत. म्हणजे मधल्या काळात तळी भरत होती आणि त्यांत बेडूक नांदत होते.

हा सगळा खेळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, काही लाख वर्षं चालला. डायनोसॉर गेले त्याचा मुख्य दोष मेक्सिकोत आदळलेल्या लघुग्रहाकडे जातो. आपल्या लाव्ह्याचा वाटा किती, यावर अजून भांडणं आहेत. पण लाव्ह्यानं सोडलेल्या वायूची वर्षाला सरासरी काढा. ती आपल्या आजच्या धुराच्या जवळपासही येत नाही. कोळसा, तेल आणि गॅस जाळून आपण वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. आज जगातले सगळे ज्वालामुखी मिळून त्याच्या फार तर शंभराव्या हिश्श्याएवढा सोडतात. कारखाने येण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू २८० भाग होता, १९५८ साली ३१५ आणि आज ४२०च्या वर आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले, तर मागच्या ८ लाख वर्षांत तो ३००च्या पुढे फारसा गेलेला नाही.

तुम्ही पुण्याचे, म्हणून एवढंच सांगतो. पानशेतचं पाणी कालव्यानं आलं असतं तर पुणेकरांनी आनंदानं वापरलं असतं. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं आणि ते एकदम आलं.

माझी मुलगी म्हणते, जग संपणारच आहे तर मूल कशाला? तिला काय सांगू? (गृहिणी, ठाणे)

ताई, मूल हवं की नको हा तिचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. पण त्याचं कारण तरी खरं असावं. माणूस ध्रुवापासून वाळवंटापर्यंत राहतो. तो जात म्हणून नामशेष होईल असं मला वाटत नाही. २०१५च्या पॅरिस हवामान कराराआधी या शतकाच्या अखेरीस साडेतीन-चार अंशांच्या तापमानवाढीचे अंदाज होते. आता ते तीन अंशांच्या आसपास आले आहेत. हे चांगलं नाही, पण सगळं संपलं असंही नाही.

त्रास कुणाला आणि कसा होईल, हे मात्र तिला जरूर सांगा. घाम वाळला तरच शरीर थंड होतं. हवा दमट असेल तर तो वाळत नाही, नुसता ओघळतो. विदर्भातला माणूस ज्या पाऱ्याला हसेल, त्या पाऱ्याला कोकणपट्टीत माणूस कोसळतो. एप्रिल २०२३मध्ये खारघरच्या मैदानात उष्माघातानं माणसं दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. ज्याला उन्हातलं काम टाळता येत नाही, त्याचं जग आधी आकसणार आहे.

मंगळावर वस्ती हा उपाय होऊ शकतो? (आयटी अभियंता, बंगळूर)

तिथे हवेचा दाब इथल्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी आहे आणि श्वास घेण्याजोगं काही नाही. कितीही बिघडलेली पृथ्वी मंगळापेक्षा राहायला सोयीची असेल. पुढचा प्रश्न.

माणसानं केलेलं एखादं नुकसान भरून निघाल्याचं उदाहरण आहे का? (शिक्षक, सांगली)

एक पूर्ण आणि एक अर्धं सांगतो. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थराला भोक पडल्याचं १९८५ साली जाहीर झालं. फ्रिज आणि फवाऱ्यांतल्या वायूंचा तो प्रताप होता. १९८७मध्ये माँट्रियल करार झाला, ते वायू बंद होत गेले आणि २०६६च्या सुमारास तो थर पूर्ववत होईल असा अंदाज आहे. ते जमलं, कारण ते वायू बनवणारे मोजके होते आणि पर्याय मिळाला. कोळशाचं तसं नाही; त्याच्यावर आपली चूलही पेटते आणि निवडणूकही.

अर्धं उदाहरण गिधाडांचं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याचं मूत्रपिंड निकामी होतं. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं शंभरातली नव्याण्णव गेली. कारण २००४मध्ये कळलं, २००६मध्ये भारतानं जनावरांसाठी ते औषध बंद केलं. घसरण थांबली, पण मेल्या ढोरांवर पूर्वीसारखी झुंबड काही परतली नाही. हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो.

गावात सातशे फुटांचे बोअर कोरडे गेले. हजारावर जाऊ का? (शेतकरी, बीड)

जाऊ नका. आपल्याकडे पाणी राहतं ते वरच्या मुरमात, फुटलेल्या मांजऱ्या (छिद्राछिद्रांच्या) खडकात आणि थरांच्या सांध्यांत. त्याखाली घट्ट काळा पाषाण, त्यात पाणी साठायला जागाच नाही. खोलवर कधी लागलं तर ते जुनं साठलेलं असतं. दोन-तीन हंगामांत संपतं आणि शेजाऱ्याचंही ओढून नेतं. तुमच्या गावात पाऊस संपलेला नाही. एका पावसाळ्यात मुरतं त्याहून जास्त एका वर्षात उपसलं जातंय.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचा कातळही तुमच्यासारखाच, आणि पाऊस बीडपेक्षा जास्त नाही. तिथे शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. पावसाळा संपला की पाणी मोजतात आणि पिकं ग्रामसभेत ठरतात. हे गावानं मिळून केलं तरच होतं, एकट्यानं नाही.

एकट्यानं करण्यासारखं एक आहे. एप्रिलमध्ये जुन्या विहिरीच्या काठावरून आत नीट बघा. कुठल्या तरी थरावर ओल दिसेल, बहुधा लाल पट्ट्याच्या अगदी वर, कारण तो चिकण थर पाणी खाली जाऊ देत नाही. ओल दिसलेला तोच थर चढाच्या बाजूला शिवारात कुठे उघडा पडलाय ते शोधा आणि पावसाचं पाणी तिथे अडवा. बोअरच्या गाडीला आगाऊ रक्कम दिली असेल तर आजच परत मागा.