शेवट जवळ आलाय, मग पोरीची फी कशाला?

मावशी, प्रभूत सलाम.

मी कोल्हापूरची, वय ४६. मिस्टरांचं शाहूपुरीत मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. २०१९ च्या पुरात दुकानात छातीभर पाणी होतं, २०२१ ला परत तेच. तेव्हापासून हे बदललेत. पूर्वी रविवारी चर्चला जाऊन शेवटच्या बाकावर गप्प बसणारा माणूस, आता रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर अंत्यकाळाचे, म्हणजे जगाचा शेवट आलाय असे, संदेश ऐकतो. युक्रेन, गाझा, कोरोना, पूर, महागाई, सगळं बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, लिहिलंय म्हणतात. एलआयसीचा हप्ता यंदा भरला नाही. आधार म्हणजे प्रकटीकरणातल्या श्वापदाची, त्या दुष्ट सत्तेची, खूण म्हणून बँकेचं केवायसी अडवून ठेवलंय. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या फीचं नाव काढलं की 'आता कशाला?' म्हणतात. आणि उचगावचा दोन गुंठ्यांचा प्लॉट विकून पैसे एका ऑनलाईन उपदेशकाच्या सेवेला द्यायचं मनात घेतलंय. धाकटा दहावीत. परवा मला विचारतो, "आई, बोर्डाच्या आधीच प्रभू आले तर?" मी काही बोलले की 'तुझा विश्वास कमी' हे ठरलेलं. खरंच कमी आहे का माझा विश्वास? शास्त्राच्या विरोधात मी कसं बोलू?

— एक वाचक, कोल्हापूर

सलाम.

आधी फी भर. बाकीचं सावकाश बोलू, पण कॉलेजची तारीख कुणासाठी थांबत नाही. भिशी उचल, भावाकडून घे, एखादा दागिना तारण ठेव. मिस्टरांपासून लपवू मात्र नकोस. 'मी भरतेय' एवढं सांगायचं. परवानगी मागायची नाही आणि वादही घालायचा नाही.

विश्वास मोजायचं माप माझ्याकडं नाही, त्या मोबाईलमधल्या उपदेशकाकडंही नाही. पण पोरांच्या शिक्षणाची काळजी करणाऱ्या बाईला अविश्वासी ठरवणारं वचन मला तरी पवित्र शास्त्रात कुठं भेटलं नाही. माझं लहानपण मिशनच्या आवारात गेलं, संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रकटीकरण कितीदा कानावरून गेलंय. तुला शास्त्राच्या विरोधात काहीच बोलायचं नाही. तुझी बाजू शास्त्रातच आहे, आणि तीही मिस्टर रोज ऐकतात त्याच अध्यायात.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय काढ. लढाया, लढायांच्या अफवा, दुष्काळ, भूमिकंप, सगळं तिथं आहे. व्हिडिओवाले एवढं वाचतात आणि मागं रणगाड्याचं चित्र लावतात. त्याच ठिकाणी येशू सांगतो की घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. हे बोलणं निघालं होतं यरुशलेमच्या मंदिराच्या दगडांवरून, आणि ते मंदिर रोमन सैन्यानं इ. स. ७० मध्ये खरंच पाडलं. म्हणजे यातलं काही तर कधीच घडून गेलंय. उरलेलं केव्हा आणि कसं, यावर मंडळ्यांमंडळ्यांत, म्हणजे चर्चाचर्चांत, मतभेद आहेत आणि ते राहणार. पण ३६ व्या वचनाबद्दल वाद नाही. तो दिवस नि ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. जे आपल्याला ठाऊक नाही असं खुद्द प्रभू म्हणाला, ते यूट्यूबवरच्या माणसाला कुठून कळलं? हे विचारण्यात अविश्वास कसला आलाय?

आणि हा अध्याय येऊन थांबतो एका नोकरावर. मालक बाहेर गेलाय, घरच्यांना वेळेवर खायला घालायचं काम या नोकराकडं आहे. मालक परत येईल तेव्हा जो हेच काम करताना सापडेल तो धन्य, असं म्हटलंय. आकाशाकडं डोळे लावून बसलेल्याला नाही, शिधा वाटणाऱ्याला धन्य म्हटलंय. तुमच्या घरातला वेळेवरचा शिधा म्हणजे मुलीची फी, एलआयसीचा हप्ता आणि धाकट्याचा अभ्यास.

तारखा काढणाऱ्यांची हकिकत मिस्टरांना कुणी सांगितली नसेल. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातलं उभं पीक काढलं नाही. २३ तारीख नेहमीसारखी उजाडली. मग १९४८ ला इस्राएल राष्ट्र झालं. त्याच मत्तय २४ मध्ये अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आहे, हे सगळं होईपर्यंत ही पिढी जाणार नाही असं त्यापुढं म्हटलंय; इस्राएल म्हणजे ते झाड धरून लोकांनी एका पिढीची चाळीस वर्षं १९४८ मध्ये मिळवली आणि १९८८ काढलं. तेही गेलं. आता काहीजण पिढी सत्तर-ऐंशी वर्षांची करतात, म्हणजे गणित पुन्हा आपल्या दारात. २०११ ला हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या प्रचारकानं २१ मे सांगितलं. काही लोकांनी जन्माची पुंजी जाहिरातींवर घातली. २१ मे टळला तेव्हा त्यानं २१ ऑक्टोबर सांगितलं, आणि पुढच्या वर्षी चूक कबूल केली. चूक कबूल झाली, लोकांची पुंजी परत आली नाही.

आपल्याकडं तरी कमी का झालं? प्लेग झाला, १८९९-१९०० चा दुष्काळ झाला, १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली. त्या एका तापानं हिंदुस्थानात कोटीभराहून जास्त माणसं नेली. तेव्हाही कुणीतरी पुस्तक उघडून 'हेच ते' म्हटलं असणार. त्याच दुष्काळ-प्लेगाच्या काळानंतर शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं. पुरं झालेलं त्यांना बघायला मिळालं नाही, १९२२ ला ते गेले. पाणी आपण पितोय.

मिस्टर म्हणतील, मग चिन्हं दिलीत कशाला? बरोबर आहे प्रश्न. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ३९ झालं की आपण काय करतो? माल माळ्यावर चढवतो, जनावरं सोडून उंचावर नेतो, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडं पाठवतो. इशारा आला म्हणून घरदार विकून ते पैसे पातळी सांगणाऱ्याला नेऊन देणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

प्रकटीकरण आजच्या जगाला लावून वाचू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. लावावंच. फक्त पंचांगासारखं लावू नये. ते लिहिणारा योहान पात्म बेटावर होता, रोमची सत्ता होती, आणि त्यानं ते लिहिलं आशियातल्या सात मंडळ्यांना. ती गावं आज तुर्कस्तानच्या पश्चिमेला आहेत. सहाव्या अध्यायात काळ्या घोड्यावरच्या स्वाराच्या हातात तराजू आहे. दिवसभराच्या मजुरीत एका माणसापुरते गहू, पण तेलाला आणि द्राक्षारसाला धक्का लावायचा नाही. गरिबाची भाकरी महागली आणि श्रीमंताच्या ताटातलं तसंच राहिलं, हे त्या माणसानं एकोणीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. अठराव्या अध्यायात बाबेल नावाची मोठी नगरी पडल्यावर व्यापारी रडतात आणि मालाची यादी येते. सोनं, रुपं, मोती, रेशीम, मसाले, पीठ, गुरंढोरं, आणि सगळ्यात शेवटी माणसांचे जीव. ही यादी वाचून आजची तारीख निघत नाही, आजचा हिशेब निघतो. अकराव्या अध्यायाचं १८ वं वचन तर मी आपल्या नगररचना विभागाच्या भिंतीवर लावलं असतं. पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश करण्याची वेळ, असं आहे तिथं.

शाहूपुरीतलं पाणी कुठून आलं? २०१९ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला पाणलोटात कोसळलेला पाऊस, भरलेली धरणं, आणि नदीला पसरायला लागणाऱ्या जागेत आपण टाकलेले भराव नि चढवलेल्या इमारती. तो पूर म्हणजे ठरलेलं चिन्ह, असं म्हटलं की पूररेषेत भराव टाकणारा अलगद सुटतो. त्याला कोण विचारणार, सगळं आधीच लिहिलेलं आहे ना! मला या अंत्यकाळाच्या व्हिडिओंची खरी चीड येते ती इथं.

आधारचं थोडक्यात. आधी बारकोड ही खूण होती, मग क्रेडिट कार्ड, मग कोरोनाची लस. आता आधार. प्रकटीकरणात खूण घेणं आणि श्वापदाला नमन करणं हे बरोबरीनं येतं. केवायसीचा फॉर्म भरताना कुणी कुणाला नमन करत नाही. पण हा वाद तू जिंकायची गरजच नाही. बँक खात्याला आधार जोडणं सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच सांगितलंय. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, यातलं काहीही केवायसीला चालतं. मिस्टरांचा परवाना घेऊन त्यांच्यासोबत शाखेत जा. त्यांचा शब्दही राहील, खातंही चालू राहील.

आता प्लॉट. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण शास्त्रात नेमका हाच व्यवहार आहे, उलट्या दिशेचा. जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, फौजेनं यरुशलेमला वेढा घातलाय. शहर पडणार हे यिर्मया गेली कित्येक वर्षं ओरडून सांगतोय, आणि त्याच बोलण्यापायी राजानं त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात डांबलंय. म्हणजे शेवट येतोय हे त्याच्याइतकं खात्रीनं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचं खरंही ठरलं. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत तू विकत घे. वेढा पडलेल्या शहरात शेताचा सौदा! उचगावच्या एजंटानं असा प्लॉट दाखवला असता तर आपण त्याला चहासुद्धा पाजला नसता. यिर्मया काय करतो? सतरा शेकेल रुपं तराजूत तोलून देतो. खरेदीखत होतं, साक्षीदारांच्या सह्या होतात, शिक्का लागतो. एक मोहरबंद प्रत, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. कारणही देवाच्याच नावानं सांगितलंय. या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

शेवट जवळ आला तेव्हा संदेष्ट्यानं जमीन घेतली. तुझ्या मिस्टरांना ती विकायचीय. हा अध्याय त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला सांग, तू वाचू नकोस, त्यांनाच वाचू दे. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रातलं 'काम करायचं नाही त्यानं खाऊही नये' हे वचन मात्र तोंडावर फेकू नकोस. मोह होईल. पण ते उठून दुकान उघडतात, ते वचन त्यांच्यासाठी नाही.

शास्त्राबरोबर कागदही बघ. सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे? दोघांचं असेल तर तुझ्या सहीशिवाय पूर्ण प्लॉट विकला जाणार नाही. एकट्या त्यांचं असेल तर तुझी बाजू लंगडी आहे, कारण आपल्या ख्रिस्ती समाजाला हिंदू वारसा कायदा लागू नाही आणि वडिलोपार्जित हक्काच्या ऐकीव गोष्टी इथं कामाला येत नाहीत. वकिलाला या आठवड्यातच भेट. एलआयसीच्या शाखेतही जाऊन ये. बंद पडलेली पॉलिसी ठरावीक मुदतीत थकलेले हप्ते व्याजासह भरून पुन्हा चालू करता येते. मोबाईलवरून त्या उपदेशकाला आजवर किती गेले, ते पासबुकातून एका कागदावर उतरव. भांडायला नको, तुला माहीत असायला हवं म्हणून.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तू सहज लिहून गेलीस. छातीभर पाणी, आणि दोन वर्षांत परत तेच. त्या दुकानात त्यांच्या किती मोटरी गेल्या, गिऱ्हाइकांच्या किती भरून द्याव्या लागल्या, कर्ज किती झालं, हे त्यांनी कधी तुला नीट सांगितलंय का? माझा अंदाज, नाही. पाऊस सुरू झाला की ज्याचा जीव खालीवर होतो, त्याला 'हे सगळं आधीच ठरलेलं होतं' हे ऐकून बरं वाटतं. निदान आपली चूक नव्हती असं वाटतं. म्हणून व्हिडिओ बंद करा म्हणू नकोस. पुराबद्दल विचार. झोप अशीच तुटत राहिली, जेवण सुटलं किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलू लागले तर वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञाकडं ने. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

धाकट्याला सांग, प्रभू आले आणि तू गणिताचा पेपर सोडवत असलास तर चांगलंच आहे, मत्तय २४ मधला तो नोकरही असाच काम करताना सापडला तर धन्य म्हटलाय. मग त्याला अभ्यासाला बसव.

आणि पाळकसाहेबांना घरी बोलाव. चर्चमध्ये चारचौघांत नको, मिस्टरांना ते लागेल. संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर. मत्तय २४ आणि यिर्मया ३२ हे दोनच अध्याय वाचायचे, असं पाळकसाहेबांना आधी फोन करून सांगून ठेव. चहा आधीच करून थर्मासात भर, म्हणजे बोलणं सुरू झाल्यावर तुला स्वयंपाकघरात जावं लागणार नाही. तू तिथंच बसायचंस.